ऑक्टोपस आणि ढेकळे

हाताने काढलेल्या नकाशांना निव्वळ गंमत मानणारी समीक्षा त्यांतले राजकारण झाकते. फ्रेड रोझच्या १८७७ च्या नकाशात रशिया हा पोलंड, तुर्कस्तान, इराण यांना विळखा घालणारा ऑक्टोपस आहे. तिथे भय आहे. पण भयाला निदान परक्याकडे पाहावे लागते. सॉल स्टाइनबर्गच्या १९७६ च्या ‘न्यू यॉर्कर’ मुखपृष्ठावर नवव्या अव्हेन्यूलगतच्या इमारती तपशिलांसह दिसतात, आणि पॅसिफिकपलीकडे चीन, जपान, रशिया ही केवळ ढेकळे उरतात. स्टाइनबर्गचा उपहास न्यू यॉर्ककरांच्या आत्ममग्नतेवर होता. शहरोशहरी निघालेल्या नकलांनी मात्र ती आत्ममग्नताच अभिमानाने मिरवली. परक्याला राक्षस करणाऱ्या रेषेचा आपण निषेध करतो, ढेकूळ करणाऱ्या रेषेवर हसतो. वस्तुतः दुसरीच अधिक निर्दय आहे : ती द्वेषाचेही कष्ट घेत नाही.