ऑपरेशन झाले, पण उपचार संपला नाही



भोपाळ शहरात कॅन्सरच्या रोग्यांची नोंद १९८८ पासून ठेवली जाते. पुरुषांत तोंडाचा कॅन्सर तेथे अग्रभागी आहे. तंबाखू व गुटखा ही त्याची मुख्य कारणे आपणांस ठाऊक आहेतच. आज आम्हांस वेगळ्याच गोष्टीविषयी सांगावयाचे आहे.

गालातली किंवा जिभेची गाठ काढली, टाके निघाले, की माणूस सुटला असे समजून घरचे त्याला गावी आणतात. पुढे शेक, म्हणजे किरणोपचार, घ्यावयाचा असतो. पण गहू कापणीला येतो, नाहीतर सोयाबीनची पेरणी तोंडावर येते, आणि तारीख टळते.

हरळी वरवर खुरपली तर जमिनीतल्या काश्या पुन्हा फुटतात, हे आपण जाणतो. गाठ मोठी झाली, हाडाला भिडली किंवा मानेत उतरली, तर नुसत्या सुरीने भागत नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी मागे राहतात. त्यांच्यासाठी शेक असतो. तो ऑपरेशननंतर साधारण ६ आठवड्यांच्या आत सुरू व्हावा आणि आठवड्यातून ५ दिवस, सुमारे ६ आठवडे, खंड न पडता चालावा.

कापलेल्या कडेला रोग आढळला किंवा मानेतील गाठीचे आवरण फोडून तो बाहेर आला, तर शेकाबरोबर सिस्प्लॅटिन हे औषधही देतात. अशा रोग्यांत रोग त्याच जागी उलटण्याचे प्रमाण त्यामुळे घटते, हे युरोप-अमेरिकेतील २००४ च्या अभ्यासांतून दिसून आले. औषध कडक आहे. मूत्रपिंडाला व कानांना त्रास होऊ शकतो. म्हणून ते सर्वांना देत नाहीत. शेकाने तोंड सोलवटते, गिळणे कठीण होते. त्याला घाबरून मध्येच घरी येऊ नये, डॉक्टरांना सांगावे. शेकापूर्वी दात तपासून घ्यावेत.

पात्र कुटुंबांना आयुष्मान योजनेतून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा उपचार मिळतो. पण कार्ड काही गहू कापून देत नाही. म्हणून आमचे मत असे की, रोग्याच्या शेतात गावाने इर्जिक करावी. पेरणी-कापणी शेजाऱ्यांनी वाटून घ्यावी, एकाने रोग्यासोबत शहरात राहावे. पीक पुढच्या हंगामात पुन्हा घेता येते. चुकलेला शेक मागाहून भरून काढता येईलच असे नाही.