जुनी मोटार घेताना: मान सांभाळा, जीवही सांभाळा



धानाचे पैसे हाती आले की आमच्या सानगडीत चर्चेचे विषय बदलतात. कोणी घरावर स्लॅब टाकायचे म्हणतो, कोणी मुलीच्या नर्सिंगची फी भरायची म्हणतो. अलीकडे त्यात आणखी एक विषय आला आहे. "भाऊ, एक जुनी फोरव्हीलर पाहून ठेवली आहे. दीड-दोन लाखात जमते म्हणतात. घेऊ काय?" आम्ही काही मिस्त्री नाही. पण कारकुनी पेशात आयुष्य गेल्यामुळे कागद वाचता येतो आणि बेरीज-वजाबाकी करता येते, म्हणून समाजबांधव विचारायला येतात. त्यांना जे सांगतो, तेच आज या सदरात लिहीत आहोत.

मागच्या हंगामात गवंडीकाम करणारे एक बांधव असेच आले. गाडी दोन लाखांची, पांढरीशुभ्र, आतली सीटकव्हरे नवीकोरी. वीस हजार रुपये इसार दलालाला देऊन झाला होता, पण पावती नव्हती. आर.सी.ची झेरॉक्स तेवढी खिशात होती. आम्ही ती उलगडून पाहिली. गाडी ज्याच्या नावावर होती तो माणूस या सौद्यात कुठेच नव्हता. शिवाय एका फायनान्स कंपनीचा बोजा आर.सी.वर तसाच चढलेला होता. आम्ही विचारले, "दलाल काय म्हणतो?" ते म्हणाले, "कागद मंग होऊन जातेत म्हणते जी." आम्ही म्हटले, कागद आधी होतील आणि पैसे मंग जातील. दलालाने कागद काही दिले नाहीत. इसारही परत केला नाही. वीस हजार बुडाले, म्हणजे त्या माणसाची महिन्यापेक्षा जास्त मजुरी गेली. पण उरलेले एक लाख ऐंशी हजार वाचले. पावती नसल्यामुळे तक्रारीला आधार उरला नाही, हेही येथे नमूद करतो.

काही मंडळी टोमणा मारतात की, गरिबाला मोटार कशाला? आम्हाला हे मान्य नाही. रात्री-अपरात्री बाळंतपणाची वेळ आली, म्हाताऱ्या आईला दम लागला, तर सानगडीहून साकोली गाठावी लागते, आणि पुढे नागपूरचे मेडिकल गाठायचे तर शंभर किलोमीटरच्या वर रस्ता आहे. 108 ला फोन करावाच, परंतु घरच्या गाडीचा आधार वेगळा असतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आईवडिलांना दीक्षाभूमीवर बसवून नेण्याची इच्छा काही चैन नव्हे. वाहनाचा आणि मानाचा संबंध आपल्या समाजाइतका दुसऱ्या कोणाला कळला असेल?

येथे चाळीसगावची घटना आठवते. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सभासद होते. 1929 साली खानदेशच्या दौऱ्यात ते चाळीसगावला उतरले. स्टेशनपासून महारवाड्यात न्यायला टांगा हवा होता, पण महार माणसाला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. टांगा भाड्याने द्यायला हरकत नव्हती, हाकायला मात्र होती. आपल्या पाहुण्याने पायी यावे, हे तिथल्या बांधवांना मानवेना. म्हणून त्यांनी टांगा भाड्याने घेतला आणि आपल्यातलाच एक जण हाकायला बसवला. त्याला टांगा हाकायची सवय नव्हती. वाटेतल्या पुलावर चाक दगडात अडकले. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि घोड्यासह टांगा नदीत कोसळला. बाबासाहेबांचा पाय मोडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत त्यांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. आपला मान राखण्यासाठी लोकांनी आपला जीव धोक्यात घातला, हे त्यांनी तिथे स्पष्ट केले आहे.

त्या बांधवांचा हेतू सोन्यासारखा होता. दोष टांगा नाकारणाऱ्या जातीव्यवस्थेचा होता. पण आज आम्हाला कोणी गाडी नाकारत नाही. पैसे टाकले की कोणीही विकतो. मग चाक, ब्रेक, कागद आणि हाकणारा यांची पारख न करता फक्त दारात मोटार उभी दिसावी म्हणून घेतली, तर तो दोष कोणाचा? मान तर हवाच, पण तो धडधाकट गाडीतून घरी पोहोचला पाहिजे.

आता हिशेबाकडे वळू. पहिला नियम असा की, जवळ दोन लाख असतील तर गाडी दोन लाखांची घेऊ नये. एक लाख साठ-पासष्ट हजारांची पाहावी. उरलेले पैसे नाव बदलणे, विमा, ऑइल, बॅटरी, टायर आणि ब्रेकच्या कामाला लागतातच. जुनी गाडी पहिल्या तीन महिन्यांत काही ना काही मागते. जो सगळी पुंजी किमतीतच घालतो, तो ब्रेकचे काम 'पुढच्या महिन्यात' ढकलतो.

कर्ज काढणार असाल तर एक आकडा ध्यानात ठेवा. दीड लाख रुपये शेकडा 14 दराने तीन वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे 5,127 रुपये पडतो आणि व्याजच 34 हजारांच्या वर जाते. त्यात पेट्रोल धरा. महिन्याला 500 किलोमीटर फिरणे, लिटरला 18 किलोमीटर आणि पेट्रोल 105 रुपये धरले, तर 2,900 रुपये झाले. म्हणजे विमा आणि दुरुस्ती सोडून महिन्याला आठ हजार. हे आठ हजार मुलांच्या शिक्षणातून काढावे लागत असतील तर गाडी दोन वर्षे पुढे ढकला. मोटारसाठी महिन्याला पाच हजार बाजूला टाकून पाहा. सहा महिने टाकता आले तर हप्ताही झेपेल. टाकता आले नाहीत तर उत्तर घरबसल्या मिळाले.

डिझेल की पेट्रोल? महिन्याला चार-पाचशे किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबाने पेट्रोलच घ्यावी. डिझेलचा लिटरमागे होणारा फायदा जास्त पळणाऱ्याला मिळतो. जुन्या डिझेल गाडीचे इंजेक्टर किंवा टर्बो बिघडले तर एका बिलात वर्षभराची बचत जाते. लहान पेट्रोल इंजिन साधे असते आणि तालुक्याचा मिस्त्रीही ते उघडू शकतो.

कोणती गाडी? आम्ही कोणत्याही कंपनीचे एजंट नाही. कसोटी एवढीच की, जिचे सुटे भाग साकोली-भंडाऱ्यात मिळतात ती गाडी. आल्टो, वॅगन-आर अशा गाड्या खेड्यापाड्यांत दिसतात त्याचे कारण हेच. शेव्हरोलेची विक्री भारतात 2017 च्या अखेरीस थांबली. फोर्डने 2021 मध्ये इथले कारखाने बंद करण्याचे जाहीर केले. अशा गाड्या स्वस्त मिळतात आणि त्या वाईट असतात असेही नाही. पण काच किंवा सेन्सर गेला तर भाग कुठून येईल, हे आपल्या मिस्त्रीला आधी विचारावे.

वयाचाही विचार करा. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. नंतर तपासणी, पुन्हा नोंदणी आणि पर्यावरण कर आलाच. चौदा वर्षांची गाडी चाळीस हजारांत मिळाली तरी वर्षभरात हा खर्च दारात उभा राहतो. पैसे पुरत असतील तर जुलै 2019 नंतर बनलेली गाडी पाहावी. तेव्हापासून प्रत्येक नव्या मोटारीत निदान चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. चाके लॉक न होऊ देणारे ए.बी.एस. ब्रेक त्याच वर्षी एप्रिलपासून सक्तीचे झाले होते. त्याआधीची घ्यावी लागली तर पट्टे शाबूत आहेत की नाही ते पाहा, मागच्या सीटचेसुद्धा. आणखी एक. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येते. एप्रिल 2023 पासूनच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या आहेत. त्याआधीच्या गाडीत ॲव्हरेज थोडे कमी धरा आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या मिस्त्रीकडून तपासून घ्या.

आता प्रत्यक्ष पाहणी. गाडी दिवसाउजेडी पाहावी. रात्री किंवा पावसात पाहू नये, कारण ओल्या पत्र्यावर डेंटिंग-पेंटिंग लपते. मालकाला आधी सांगून ठेवावे की गाडी सुरू करून ठेवू नका. बोनेटला हात लावून इंजिन थंड आहे याची खात्री करावी आणि मग चावी फिरवावी. गरम इंजिन आपला आजार लपवते. सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर इंजिन ऑइल खात आहे. गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल आणि ऑइलच्या झाकणाखाली दह्यासारखा थर दिसला, तर पाणी आणि ऑइल एकत्र होत असण्याची शक्यता आहे. तो सौदा सोडावा.

टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. 2321 असेल तर टायर 2021 सालच्या 23 व्या आठवड्यातला. नक्षी शिल्लक असली तरी जुने रबर कडक होते. टायर एका बाजूनेच झिजला असेल तर अलाइनमेंटचा किंवा खालच्या भागाचा दोष समजावा. मीटरवर 40 हजार किलोमीटर आणि क्लचच्या पेडलचे रबर गुळगुळीत, असे दिसले तर मीटर मागे फिरवल्याचा संशय घ्या आणि सर्व्हिसिंगच्या बिलांवरचे आकडे ताडून पाहा.

आपल्या जिल्ह्यासाठी एक खास सूचना. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडारा शहरात काय केले, ते आपण पाहिले. पुरात बुडालेली मोटार धुऊन-पुसून बाजारात येते, आणि तिचे वायरिंग महिन्यामहिन्याने दगा देते. म्हणून सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का पाहा. गालिचा उचलून खाली हात फिरवा, कुबट वास घ्या.

एवढे झाल्यावरही आपल्या ओळखीच्या मिस्त्रीला सोबत न्या. त्याला दिवसाची मजुरी द्या. फुकट नेलेला मिस्त्री घाईत पाहतो, आणि दलालाने सुचवलेला मिस्त्री दलालाच्या डोळ्यांनी पाहतो.

शेवटी कागद. आर.सी.वरचा इंजिन नंबर व चासी नंबर गाडीवर स्वतः वाचून ताडावा. परिवहनच्या ॲपवर विमा, पी.यू.सी., बोजा आणि थकीत चलन पाहावे. घरातल्या कॉलेजच्या मुलीला सांगा, पाच मिनिटांत काढून देईल. बोजा असेल तर फायनान्स कंपनीचे पत्र व फॉर्म 35 मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. नाव बदलण्यासाठी फॉर्म 29 आणि 30 लागतात. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी चार हातांतून फिरते, त्यात आपण पाचवे होऊ नये. कायद्याप्रमाणे घेणाऱ्याने 30 दिवसांच्या आत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी 14 दिवसांत कंपनीला अर्ज द्यावा, नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई अडते. छत्तीसगड आणि मध्य प्रदेश आपल्याला जवळ आहेत, म्हणून तिकडची स्वस्त गाडी भुरळ घालते. पण तिला तिथले ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि महाराष्ट्राचा कर इथे भरावा लागतो. तो किमतीत धरून मगच स्वस्त म्हणा.

आणि आपण आपली जुनी गाडी विकत असू तर? सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सांगितले आहे की, नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी विकून पैसे खर्चून झाले तरी नाव आपलेच राहिले, तर कोर्टाची नोटीस आपल्या दारात येते.

महिला भगिनींना विशेष विनंती आहे. सौदा ठरवायला घरातल्या बाईला सोबत न्या. घराची शिल्लक किती हे तिला ठाऊक असते, आणि "विचार करून सांगतो" हे वाक्य दलालासमोर तिलाच न लाजता म्हणता येते. इसार द्यायचाच झाला तर थोडा द्या आणि तारीख, गाडीचा नंबर व सही असलेली पावती घ्या. लग्नात गाडी मागणाऱ्याला मात्र ना जुनी द्या ना नवी. त्याला मुलगीच देऊ नका.

आमच्या त्या गवंडी बांधवाने पुढे पाच महिने थांबून एका निवृत्त शिक्षकाची नऊ वर्षांची छोटी पेट्रोल गाडी घेतली. रंग उडालेला आहे, पण सर्व्हिसिंगची सगळी बिले फायलीत आहेत. पहिल्याच महिन्यात त्यांनी ब्रेक नवे केले. नंतर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकून लायसन्स काढले आणि तेव्हाच गाडी महामार्गावर नेली. अशोक विजयादशमीला ते आईला घेऊन दीक्षाभूमीवर गेले. शेजारचे दोघे "आम्हालाही कोंबून ने" म्हणत होते. त्यांनी हात जोडून नकार दिला, कारण गाडी पाच जणांची होती आणि आत पाच जण बसले होते. रात्री ते सुखरूप परतले, तेव्हा गाडीच्या उडालेल्या रंगाची आठवण कोणालाच आली नाही.

जयभीम!