उचलणे वेगळे, पेलणे वेगळे



साध्या यंत्रांचा धडा तुम्ही शिकला आहात. तरफ, कप्पी, उतरण, पाचर आणि मळसूत्र यांची उदाहरणे तुम्हांला तोंडपाठ असतील. मळसूत्राचे उदाहरण म्हणून मोटारीचा जॅक हमखास दिला जातो. थोडे बल लावून मोठा भार उचलता येतो, यांत्रिक फायदा इतका, उदाहरण सुटले, गुण मिळाले! पण भार उचलून झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न मात्र धड्यात येत नाही. माझ्या मते तोच प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, कारण त्याच्या उत्तरावर कोणाचा तरी जीव अवलंबून असू शकतो.

मी शाळेत असतानाची गोष्ट. आमच्या शेजारच्या काकांची एक जुनी मोटार होती. एका रविवारी सायलेन्सर खडखडतो म्हणून त्यांनी गल्लीतच मागचे एक चाक जॅकवर उचलले आणि चाक काढून ठेवले. आता ते खाली शिरणार, एवढ्यात ओळखीचे एक मिस्त्री तेथून चालले होते, ते म्हणाले, "साहेब, अंगाआधी स्टेपनी आत घाला." काकांनी हसत हसत स्टेपनी मोटारीखाली आडवी सरकवली. दोनच मिनिटांत मोटार वीतभर पुढे सरकली, जॅक कलंडला आणि मोटार धाडकन स्टेपनीवर बसली. काकांचा चेहरा पांढराफटक पडला. ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "अहो, पण गाडी गिअरमध्ये होती!"

गिअरमध्ये असलेली मोटार सरकली कशी? त्या मोटारीत इंजिनाची शक्ती मागच्या चाकांना जात असे. अशा दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल नावाची दात्यांची जोडणी असते. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून ती दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते. एक बाजू जॅकवर अधांतरी असली, की जमिनीवरचे चाक पुढे गडगडू शकते आणि अधांतरी बाजू उलटी फिरते. गिअर काहीच अडवत नाही. हँडब्रेकने ते चाक अडले असते, पण त्याची तार सैल झाली होती. गल्लीला थोडा उतार होता. दर वीस मीटरला एक मीटर उतार धरला, तरी 900 किलोग्रॅमच्या मोटारीला सुमारे 45 किलोग्रॅम भाराइतके बल सतत खाली ओढत असते. ज्या मोटारींत शक्ती पुढच्या चाकांना जाते, त्यांतही हेच लक्षात ठेवायचे. हँडब्रेक बहुधा मागच्या चाकांवर असतो. मागची दोन्ही चाके उचलली, की त्याचा उपयोग संपला. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून आणि मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावायलाच हवेत.

आता जॅककडे वळू. समजा, मळसूत्राच्या जॅकचा दांडा 25 सेंटिमीटर लांब आहे आणि एका फेऱ्यात भार 5 मिलिमीटर वर जातो. हाताने कापलेले अंतर भाराने कापलेल्या अंतराच्या सुमारे 314 पट झाले. घर्षण नसते, तर यांत्रिक फायदाही 314 झाला असता. पण अशा जॅकची कार्यक्षमता 25 टक्के धरली, तर तो 78 वर येतो. तरीही चाकाजवळचा 250 किलोग्रॅम भार सव्वातीन किलोग्रॅम भाराइतक्या बलाने उचलला जातो. उरलेले 75 टक्के काम घर्षणात वाया गेले, असे आपण वहीत लिहितो.

पण ते खरोखर वाया गेले का? मळसूत्र म्हणजे खांबाला गुंडाळलेली उतरण. तिचा चढ इतका कमी आणि घर्षण इतके पुरेसे असते, की दांडा सोडला तरी भार आपण होऊन खाली घसरत नाही. ज्या मळसूत्राची कार्यक्षमता निम्म्याहून जास्त, ते भाराखाली आपोआप उलटे फिरू लागते. म्हणजे ज्या घर्षणाला आपण तोटा म्हटले, तेच मोटार वर धरून ठेवते.

द्रवचालित जॅकमध्ये मात्र ही सोय नाही. तेथे पास्कलचा नियम काम करतो. लहान दट्ट्यावरचा दाब तेलातून मोठ्या दट्ट्यापर्यंत पोचतो. या तत्त्वावर जोसेफ ब्रामा याने 1795 साली इंग्लंडमध्ये द्रवचालित दाबयंत्राचे पेटंट घेतले. त्याची मोठी अडचण होती ती गळतीची. दाब वाढला, की दट्ट्याच्या कडेने पाणी निसटे. त्याच्याकडे काम करणाऱ्या हेन्री मॉड्स्ले याने चामड्याची वाटीसारखी चकती सुचवली आणि दाब वाढेल तशी ती अधिक घट्ट बसू लागली, असे सांगतात. आजच्या जॅकमधली रबराची कडी हेच काम करते. ती झिजली, किंवा झडपेत कचरा अडकला, की जॅक हळूहळू बसू लागतो. एक टनाची मोटार त्या बोटभर रबरावर तोललेली असते!

मळसूत्राचा जॅक बसत नाही, पण कलंडतो. एक बाजू उचलताना मोटार दुसऱ्या बाजूच्या चाकांभोवती फिरते, म्हणून जॅकवरचा बिंदू सरळ वर न जाता कमानीतून जातो. चाकांमधील अंतर 120 सेंटिमीटर असेल आणि आपण 20 सेंटिमीटर उचलले, तर तो बिंदू सुमारे पावणेदोन सेंटिमीटर बाजूला सरकतो. जॅकचा तळ जेमतेम 10 सेंटिमीटर रुंद. भाराची रेषा त्या तळाबाहेर गेली, की संपले. शिवाय तळाचे क्षेत्रफळ 100 चौरस सेंटिमीटर असेल, तर 250 किलोग्रॅमला दर चौरस सेंटिमीटरवर अडीच किलोग्रॅम भार येतो. पावसाळ्यातली माती किंवा उन्हाने मऊ झालेले डांबर त्याला पुरे पडत नाही. खाली 30 सेंटिमीटर लांबरुंद जाड फळी ठेवली, तर हाच भार नऊ पटींनी पसरतो.

कोणी म्हणेल, पडायला लागली तर बाहेर सरकू की! हिशेब करून पाहा. 20 सेंटिमीटर पडायला सुमारे 0.2 सेकंद लागतात. धोका जाणवून स्नायू हलू लागायलाच साधारण तेवढा वेळ जातो. म्हणजे मनात "पळा" हा विचार येईपर्यंत मोटार खाली आलेली असते.

म्हणून माझे म्हणणे असे, की जॅक हे उचलण्याचे साधन आहे, पेलण्याचे नव्हे. पेलण्यासाठी पोलादी स्टँड मिळतात. त्यांचा तळ रुंद असतो आणि उंची खिट्टीने किंवा दात्याने पक्की होते. तेथे रबर नाही की तेल नाही. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे रचणे हा मात्र पर्याय नव्हे. पोलाद वाकून इशारा देते. वीट एका टोकावर भार आला, की इशारा न देता फुटते.

मग क्रम असा हवा. जागा कठीण आणि सपाट. हँडब्रेक ओढलेला, मोटार गिअरमध्ये, चाकांना ठोकळे. आत कोणी बसलेले नाही, इंजिन बंद. चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, कारण उचललेल्या मोटारीवर पान्ह्याला हिसके देणे म्हणजे ती ढकलणेच होय. जॅक मोटारीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावायचा. विजेवर चालणाऱ्या मोटारींची बॅटरी बहुधा तळाशीच असते, म्हणून त्यांच्या बाबतीत तर हे अधिकच पाळायला हवे. खाली काम करायचे असेल, तर स्टँड लावून भार त्यांच्यावर उतरवायचा, मोटार हलकेच हलवून पाहायची, आणि तरीही काढलेले चाक खाली आडवे ठेवायचे. मोटारीबरोबर मिळणारा छोटा जॅक केवळ चाक बदलण्यापुरता असतो. आणि मित्रांनो, तुम्ही स्वतः मोटारीखाली जाऊ नका. तुमचे काम पाहण्याचे आणि विचारण्याचे.

यावर एक आक्षेप मला ठाऊक आहे. "आमचे मिस्त्री वीस वर्षे नुसत्या जॅकवर काम करतात, त्यांना काही झाले नाही." त्यांच्या हाताला अनुभव आहे, हे मी मान्य करतो. पण "आजवर काही झाले नाही" हा पुरावा नव्हे. ज्यांना झाले, ते सांगायला आलेले नसतात. आमच्या काकांना वाचवणारेही मिस्त्रीच होते, आणि वीस वर्षे काही न होण्याचे कारण कदाचित त्यांची ती स्टेपनीच असेल.

शिक्षकांना एक विनंती आहे. एकदा वर्गाबाहेर ओली माती पसरून तिच्यावर जॅकएवढ्या तळाचा ठोकळा ठेवा, त्यावर वाळूची जड पिशवी ठेवून तो किती रुततो ते मोजा. मग खाली फळी घालून पुन्हा मोजा. आणि परीक्षेत यांत्रिक फायद्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा: या यंत्राचा कोणता भाग निकामी होऊ शकतो, आणि झाला तर भार कोण पेलेल?

विद्यार्थ्यांनो, पुढच्या वेळी घरी जॅक बाहेर निघेल, तेव्हा बाबांच्या किंवा काकांच्या शेजारी उभे राहा आणि ते खाली वाकण्याआधी एवढेच विचारा: "आता भार कशावर आहे?" उत्तर "जॅकवर" असे आले, तर स्टेपनी तुम्हीच आणून द्या.