इसार देण्याआधी सातबारा

नांदेड-लातूरकडे आपली पोरं प्लॉटच्या धंद्यात उतरली आहेत. मालकाला इसार द्यायचा, मुदतीत दुसरे गिऱ्हाईक आणून खरेदीखत त्याच्याच नावे करवायचे. मधला फरक आपला. गिऱ्हाईक आले नाही तर इसार बुडाला! 'मी सांगेन त्याच्या नावे खरेदीखत' हे वाक्य इसारपावतीत हवेच, आणि त्याचा अर्थ मालकाला नीट समजावून सांगा.

सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' दिसले की थांबा. शासनाने भूमिहीनांना दिलेली जमीन याच वर्गात येते. परवानगीशिवाय ती विकता येत नाही. ती पुष्कळदा आपल्याच माणसाची असते. नोटरीच्या कागदावर निम्म्या भावात ती घेणारा दलाल आपल्यातला असला म्हणून व्यवहार चोख होत नाही. नोटरीने मालकी बदलत नाही. 1908 च्या कायद्याप्रमाणे दस्त नोंदवावाच लागतो. तलाठ्याकडे फेरफार पाहण्यात एखादा दिवस मोडेल, मोडू द्या.