पहिले सहा आठवडे

सरकारी लसीकरणात बाळाला डांग्या खोकल्याची लस मिळते ती पेंटाव्हॅलंटमधून, सहा आठवड्यांचे झाल्यावर. पुढचे डोस दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात. हा आजार मात्र जीव घेतो तो बहुतांशी पहिल्या दोन-तीन महिन्यांतल्या तान्ह्यांचाच. इतक्या लहान बाळाला ती ओळखीची ढास लागतेच असे नाही. ते निळे पडते, मध्येच श्वास घ्यायचे थांबते. घरचे गोंधळतात, निदानाला उशीर होतो आणि तोवर प्रतिजैविकांचा फारसा उपयोग उरत नाही.

या दिवसांत बाळाला जपते ती आईने गरोदरपणी घेतलेली लस. आईच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात, शेवटच्या तीन महिन्यांत सर्वाधिक. म्हणूनच धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला या तिन्हींवरची टीडॅप लस साधारण २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान देतात. आणि प्रतिपिंडे लवकर ओसरतात म्हणून प्रत्येक गरोदरपणात नव्याने. तिच्यात जिवंत जंतू नसतात. इंग्लंडमध्ये २०१२ च्या साथीत १४ तान्ही बाळे दगावली. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून तिथे गरोदर महिलांना ही लस मोफत मिळू लागली आणि बाळांना सुमारे ९० टक्के संरक्षण मिळाल्याचे पुढे दिसून आले.

आपल्याकडे हा मार्ग नवा नाही. १९८० च्या दशकात नवजात धनुर्वाताची लाखाहून अधिक बाळांना दरवर्षी लागण होत असल्याचा अंदाज होता. गरोदर मातांना टीटीची इंजेक्शने, स्वच्छ बाळंतपण आणि नाळेची नीट काळजी यांच्या जोरावर २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. एएनएम आणि आशाताईंच्या पायपिटीचे हे यश आहे, त्याचे कौतुक कमीच झाले.

आता टीटीऐवजी टीडी देतात. तिने धनुर्वात आणि घटसर्प दोन्ही टळतात. डांग्या खोकल्यापासून मात्र ती वाचवत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांची ‘फॉग्सी’ ही संघटना टीडॅपची शिफारस करते. पण ही लस खासगी दवाखान्यात, हजाराहून अधिक रुपये मोजणाऱ्यांनाच मिळते. प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवलेल्या आईच्या बाळाने तेवढ्यासाठी उघडे राहावे, हे आम्हाला मान्य नाही.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. पण तपासणीची भेट, शीतसाखळी, माता-बाल संरक्षण कार्डावरची नोंद ही सारी व्यवस्था आधीच उभी आहे. टीडीच्या दुसऱ्या डोसच्या जागी, योग्य आठवड्यात, टीडॅप द्यायला राज्य सरकारने निदान काही जिल्ह्यांत येत्या वर्षी सुरुवात करावी.