देवाचं ऐकणारे कुणाकुणाचं ऐकत नाहीत?

‘आज्ञापालन’ हा शब्द आमच्या वयाच्या कुणालाच आवडत नाही. शाळेत छडी, घरात ‘मोठ्यांना उलट बोलू नये’, ऑफिसात मॅनेजर. आठवडाभर हे सोसून रविवारी चर्चमध्ये पाळकांनी पुन्हा ‘आज्ञा पाळा’ म्हटलं, तर मागच्या बाकावरची पोरं फोनमध्ये डोकं घालणारच.

मी धाराशिवचा, ख्रिस्ती घरातला. पुण्यात कोड लिहून पोट भरतो. माझे मित्र म्हणतात, अध्यात्म चालेल, पण कुणाची ताबेदारी नको. दहा मिनिटांचं मेडिटेशन ॲप, सकाळी एक सुविचार, बास. मला हे पटत नाही. ज्या देवाचं कधी ऐकावंच लागत नाही, तो देव म्हणजे आपल्या आवडीनिवडी शिकलेला अल्गोरिदम. तो आपल्याला रुचेल तेच दाखवतो. स्क्रोल करून अंगठा दुखतो, भूक भागत नाही.

दुसऱ्या बाजूला रील्सवरचे प्रचारक आहेत. आज्ञा पाळा, मग नोकरी लागेल, व्हिसा मिळेल, लग्न जमेल. हा सरळ सौदा झाला. येशूने गेथशेमाने बागेत स्वतःची इच्छा बाजूला ठेवून पित्याची इच्छा स्वीकारली आणि दुसऱ्या दिवशी त्याला क्रूस मिळाला. या प्रचारकांच्या हिशेबाने येशूची भक्तीच कमी पडली म्हणायची!

मग आज्ञापालन म्हणजे नेमकं काय? मराठीने याचं उत्तर आधीच देऊन ठेवलंय. ‘पोरगा ऐकत नाही’ असं आई म्हणते, तेव्हा पोराचे कान शाबूत असतात. आपल्याकडे ऐकणं आणि मानणं एकाच शब्दात राहतात. ज्याचं तुम्ही ऐकता, त्याच्यापुढे बाकीच्यांचा आवाज आपोआप लहान होतो. म्हणून मी म्हणतो, देवाची आज्ञा पाळणारा माणूस सगळ्यात कमी गुलाम असतो.

पुरावा माझ्याच गावात आहे. जानेवारी 2020 मध्ये इथे, तेव्हाच्या उस्मानाबादला, 93वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. एक ख्रिस्ती धर्मगुरू संमेलनाध्यक्ष होतोय म्हणून विरोध झाला, धमकीचे फोन गेले. पाठीचं दुखणं घेऊन ते गोरोबाकाकांच्या या जिल्ह्यात आले आणि वाढत्या असहिष्णुतेविरुद्ध व्यासपीठावरून बोलले. त्याच्या कितीतरी आधी हरित वसईच्या चळवळीत ते बिल्डर आणि गुंडांच्या दहशतीसमोर उभे राहिले होते. कॅथलिक धर्मगुरू दीक्षेच्या वेळी आज्ञापालनाचं वचन देतो. आपल्या समजुतीप्रमाणे असा माणूस सगळ्यात दबलेला असायला हवा. दिब्रिटो दबले नाहीत. 2024 साली ते गेले.

त्यांच्याही आधी पंडिता रमाबाई. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या वडीलधाऱ्या धर्मभगिनींची अपेक्षा होती की आता चर्च सांगेल ते निमूटपणे मानावं. रमाबाईंनी पत्रांमधून वाद घातला, आपली सद्सद्विवेकबुद्धी कुणाच्या हवाली करायला नकार दिला. आणि याच बाईंनी पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळाने टाकून दिलेल्या मुलींसाठी आयुष्य घातलं. हिब्रू-ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं. माणसांचं निमूट ऐकलं नाही, देवाचं मरेपर्यंत ऐकलं.

म्हणून मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना हात जोडून सांगतो, आज्ञापालन हे तोंड बंद करण्याचं हत्यार नाही. मार खाणाऱ्या बाईला ‘नवऱ्याच्या अधीन राहा’ म्हणणं, हिशेब विचारणाऱ्या पोराला ‘बंडखोर’ म्हणणं, यात देवाची आज्ञा कुठेच नाही. येशूने सांगितलेल्या आज्ञा भुकेल्याला, उघड्याला, तुरुंगातल्याला शोधत जातात. एखाद्या आज्ञेचा फायदा नेहमी ती सांगणाऱ्यालाच होत असेल, तर ती देवाची नसते.

आणि समाधान? ते कसं येतं, हे मला नोकरीत कळलं. एका प्रोजेक्टवर न केलेल्या कामाचे तास ग्राहकाच्या बिलात भरायला सांगितलं गेलं. खोटं न बोलण्याची आज्ञा लहानपणापासून पाठ होती. मी नाही म्हटलं. त्या वर्षीचं अप्रेझल पडलं, पगारवाढ गेली. देवाने कुठून नुकसानभरपाई पाठवली नाही. पण कोण खूश आहे, कोण नाराज आहे, याचा मनातला सततचा हिशेब थांबला. हे कुठल्या ॲपने दिलं नव्हतं.

येशूच्या एका दाखल्यात बाप दोन मुलांना मळ्यात जायला सांगतो. एक ‘जातो’ म्हणतो आणि जात नाही. दुसरा ‘जात नाही’ म्हणतो, मग मन बदलून जातो. आपल्या पिढीची जागा या दुसऱ्या मुलाची आहे. तोंडाने नाही म्हणत राहा, वाद घाला, प्रश्न विचारा. फक्त मळ्यात काम पडलंय, तेवढं विसरू नका.