हमालाचे वय आणि पोत्याचा भार

आम्ही धान्याचे व्यापारी. गव्हाचा ओलावा, डाळीची खोट, काट्याचा तोल यांची परीक्षा आम्ही नित्य करतो. परंतु ज्याच्या पाठीवरून हा माल वखारीत येतो, त्या मनुष्याच्या शक्तीचा तोल आम्ही कधी पाहिला आहे काय? हा प्रश्न प्रथम स्वतःस विचारून मगच व्यापारी बंधूंपुढे ठेवीत आहोत.

आमच्या बेळगावच्या दुकानी एक हमाल तीस वर्षे होता. पन्नाशी उलटल्यावर तो फळीवर चढताना मध्येच थांबू लागला. आम्ही तो आळस समजलो व एकदा चारचौघांदेखत त्यास बोललोही. पुढे ऐन पावसाळ्यात पोत्यासह त्याचा पाय घसरला आणि गुडघा कायमचा अधू झाला. तो दम लागल्यामुळे थांबत होता, हे आम्हांस फार उशिरा उमगले.

हिशेब साधा आहे. दहा टनांच्या लॉरीत 50 किलोंची 200 पोती येतात. चौघांची टोळी असल्यास प्रत्येकाच्या वाट्यास 50 पोती, म्हणजे एका पाठीवरून 2,500 किलो भार जातो. मनुष्याचे स्नायुबल विशी-तिशीत भरास येते व पन्नाशीनंतर स्पष्टपणे घटू लागते. दम कमी होतो, मणक्यांमधील चकत्या झिजतात. पोते मात्र तेवढेच राहते. शिवाय हमाली पोत्यामागे ठरलेली असल्याने थकलेला मनुष्य आपला थकवा लपवितो.

आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने 1967 साली प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या भाराची मर्यादा 55 किलोंपर्यंत आणावी, अशी शिफारस केली. परंतु तीत पंचविशीचा तरुण व साठीचा वृद्ध असा भेद नाही. महाराष्ट्रात 1969 चा माथाडी कायदा आहे. तो आम्हां कर्नाटकातील व्यापाऱ्यांस लागू नाही. तथापि आपणांवर याहून जुने बंधन आहे. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण हा एक सांगितला आहे. आम्ही तो बैलापुरताच समजत आलो, ही आमची चूक होय.

तेव्हा करावे काय? प्रत्येक दुकानातील कामांची भारानुसार यादी करावी. लॉरी उतरविणे व उंच थप्पी लावणे ही कामे तरुणांकडे असावीत. पोत्यांची तोंडे शिवणे, काट्यावर नोंद ठेवणे, परखीने नमुना काढणे, वखारीची देखरेख करणे या कामांवर पन्नाशी ओलांडलेल्यांचा पहिला हक्क असावा आणि त्यांस दुकानातून ठरीव रोज मिळावा, म्हणजे टोळीच्या वाटणीस धक्का लागणार नाही.

यात खर्च वाढेल, असे कोणी म्हणेल. वाढेल, हे आम्ही मान्य करतो. परंतु तीस वर्षे धान्य हाताळलेला मनुष्य मुठीत दाणे घेताच ओल व कीड ओळखतो. अशा माणसास घरी बसविण्यात दुकानाचेही नुकसानच आहे. लहान दुकानांत अशी कामे थोडी, हेही खरे. तेथे दोन-तीन दुकानांनी मिळून एक वृद्ध हमाल ठेवावा.

आपल्या संघाने येत्या वार्षिक सभेत हा विषय घ्यावा, अशी आमची नम्र विनंती आहे. आमच्या दुकानातील यादी आम्ही तयार केली असून ती सभेपुढे ठेवू. त्या जुन्या हमालाच्या घरी दरमहा काही रक्कम जाते. पण ती आधी सुचली असती, तर त्याचा गुडघा वाचला असता.